सासऱ्यांची साक्ष

विनायकराव रागावले की अबोला धरत. पनवेलमध्ये खेळाच्या सामानाचं दुकान चालवताना गिऱ्हाइकाशी बोलून त्यांचं तोंड कधी दुखलं नाही, पण घरात बिनसलं की जीभ टाळ्याला चिकटे. या वेळचा अबोला सुनेशी होता आणि तो निभावणं महाकर्मकठीण, कारण घरात त्यांचं खरं गूळपीठ चारुताशीच.

"तुझ्या सुनेला सांग, चहा माझा मी करून घेईन," ते बायकोला म्हणत. चारुता शेजारीच उभी असे.

"ऐकलं तिनं," शशिकलाबाई म्हणत. मग ते चहा करत आणि पिववत नसला तरी संपवत.

त्याचं असं झालं. चारुता कस्टम्समध्ये अधिकारी. ज्या देशाशी आपला करार असतो, तिथे बनलेल्या मालाला ड्युटी कमी पडते. बॅडमिंटनच्या काही रॅकेटी भलत्याच देशात बनवून, कागदोपत्री करारवाल्या देशाच्या दाखवून आणल्याचा संशय होता. वर्षभर ती त्यामागे होती. आणि एका रविवारी त्याच रॅकेटी तिला सासऱ्यांच्या दुकानात टांगलेल्या दिसल्या.

"बाबा, हा माल कुठून घेतलात?" एवढंच तिनं विचारलं.

"आता घरातच चौकशी का?" विनायकराव फणकारले, आणि बोलणं बंद.

खरं म्हणजे चोराच्या मनात चांदणं. जासईला घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात त्यांनी स्वतः पाहिलं होतं, माणसं रॅकेटी जुन्या खोक्यांतून काढून दुसऱ्या देशाचं नाव छापलेल्या खोक्यांत भरत होती. माल स्वस्त मिळत होता. त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं. आता हे बाहेर आलं तर जन्मभर मिळवलेलं नाव मातीत जाणार, ही त्यांची धास्ती.

त्याच आठवड्यात सत्यजीत नावाचा एक तरुण अधिकारी दुकानात आला. विनायकरावांनी त्याच्यामागे दाराकडे पाहिलं. चारुता नव्हती.

"ही चौकशी मॅडमकडे होती ना?"

"होती. घरच्या दुकानात माल आहे म्हणून त्यांनीच साहेबांना कळवलं आणि केस सोडली," सत्यजीत म्हणाला. "मला म्हणाल्या, बाबांनाच विचार, ते खोटं बोलत नाहीत."

विनायकरावांनी उत्तर घोकून ठेवलं होतं, खोकी बंदच आली, मला काही ठाऊक नाही. ते ओठांवर आलं आणि तिथंच अडलं. बोलणं टाकलेल्या सासऱ्यावर पोरीनं एवढा भरवसा टाकावा, या विचारानं त्यांना भरून आलं.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "खोकी बदलताना मी पाहिलंय. पाहून गप्प बसलो." मग व्यापाऱ्याचं नाव, गोदामाचा पत्ता, सगळं सांगून त्यांनी सही केली.

संध्याकाळी ते इमारतीच्या खालीच चारुताची वाट पाहत थांबले.

"चारू," ती दिसताच ते म्हणाले, "तू त्याला उगाच तसं सांगितलंस. मी खोटंच बोलणार होतो गं."

"बोललात का?"

"नाही."

"मग माझं काय चुकलं?"