रिकाम्या पेटीचा राखणदार

मी एक मेलेला राखणदार बोलतोय. दचकू नका. उंचीने तुमच्या अंगठ्याएवढाच आहे, आणि अंगात रक्त नाही, प्लास्टर आहे.

माझा जन्म दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने, म्हणजे आमच्या दादाने, उरलेल्या प्लास्टरमधून माझा सांगाडा कोरला आणि हाताच्या सवयीने बत्तीस दात अगदी एकसारखे बसवले. शेकडो वर्षं थडग्यात पडलेल्या भुताचे दात इतके झकास! वहिनी हसून हसून बेजार झाली.

घरातला खेळ असा: जेवणाच्या टेबलावर फासे टाकायचे आणि दादाने रचलेल्या गुहांमधून त्याच्या धाकट्या बहिणीने खेळातली इवलीशी तलवार घेऊन वाट काढायची. लहानपणापासूनचा हा नाद. आता धाकटीला दूर नोकरी लागली होती, म्हणून हा शेवटचा डाव. शेवटच्या गुहेत, खजिन्याच्या पेटीपुढे, हातात भाला घेऊन मी.

दादाने माझे नियमही कवळीसारखेच घासूनपुसून केले होते. फट म्हणून कुठे ठेवली नाही. तलवार लागत नाही, आग लागत नाही, मंत्र चालत नाही.

"अहो, याला मारायचं कसं ते तरी ठेवा!" वहिनी म्हणाली.

"बघू," म्हणत दादा पाणी प्यायला उठला.

धाकटीने पुन्हा पुन्हा फासे टाकले. मी ढिम्म. शेवटी ती रडकुंडीला आली. "दादा, हा हरतच नाही. उद्या मी जाणार, आणि तू असा खेळतोस?"

दादाने फासे पुन्हा तिच्यापुढे सरकवले. खेळ संपला की ही निघणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मला त्याची फार माया वाटली.

धाकटीलाही ते उमगलं असावं. तिने तलवार खाली ठेवली आणि मला म्हणाली, "आजोबा, दमला असाल. बसा घटकाभर. तोवर मी राखते."

याला नियमच नव्हता! मला आजवर कुणी बसा म्हटलं नव्हतं. दादाने डोळे पुसत माझ्या हातातला भाला काढून घेतला.

तिने पेटी उघडली. आत काहीच नाही.

"खजिना कुठाय रे?"

"तो करायचा राहूनच गेला," दादा ओशाळून म्हणाला.

सकाळी त्याने भाला परत माझ्या हातात दिला आणि मला रुमालात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवलं. "नीट राखण कर रे," एवढंच बोलला. पेटी घरीच राहिली.

आता मी तिच्या खिडकीत उभा असतो. प्रवासात एक दात पडला, बाकी ठणठणीत आहे. तिच्याकडे कधीही या, पण तिच्याशी नीट वागा. माझ्यावर तलवार चालत नाही.