आईच्या नावची बंदूक

माझ्या आईला बंदूक हवी होती. वय पासष्ट, गुडघे दुखतात, चष्मा नेमका कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि बाई म्हणते, तुझ्या अण्णांची बंदूक माझ्या नावावर कर.

अण्णा गेल्या वर्षी गेले. वणीच्या अलीकडे आमचा द्राक्षमळा आहे. त्याच्या राखणीसाठी अण्णांनी तरुणपणी एकनळी बंदूक घेतली होती, रीतसर परवाना काढून. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा झाली. आता वारसांपैकी एकाला ती हवी असेल तर बाकीच्यांनी ना-हरकत लिहून द्यायची. वारस तिघं: आई, माझा धाकटा भाऊ अमोल आणि मी. अमोलनं लगेच सही ठोकली. आईच्या नावावर म्हणजे घरातच, आणि घरातच म्हणजे आपलीच, इतका साधा त्याचा विचार. अडून बसले ती मी.

मी नाशिकला इंदिरानगरात राहते आणि बायकांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. स्त्रीवादावर तासभर न थांबता बोलू शकते, कुणी थांबवलं नाही तर दोन तास. बंदुकीनं बाई सुरक्षित होते हे मला पटत नाही. घरात हत्यार असलं की ते बाईच्या हातात कमी आणि तिच्या डोक्यावर जास्त असतं, हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय की यावर मला कुणाशी वाद घालायची गरज वाटत नाही. आईशी मात्र महिनाभर घातला.

"बिबट्या येतो म्हणून हवीये का?" मी फोनवर विचारलं.

"बिबट्याला काय करायचंय? तो येतो, कुत्रं नेतो, जातो."

"मग कशाला?"

"माझ्या नावावर पायजे."

यापलीकडे एक अक्षर नाही. शेवटी मला रजा काढायला लावून अमोलच्या पिकअपमधून ती नाशिकला आली. जिल्हाधिकारी कचेरीबाहेर नोटरीच्या टेबलापाशी आम्ही तिघं उभे राहिलो. कागद तयार होता, फक्त माझी सही बाकी होती. मी पेन खाली ठेवलं. नोटरीबुवांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

"ताई, कशाला ताणतेस? म्हातारीचा जीव रमंल," अमोल म्हणाला.

"तू चहा सांग जा," आई त्याला म्हणाली. तो गेल्यावर तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "तुला एक इचारू? हक्कसोड करताना किती वेळ लागला तुला?"

अण्णा गेल्यावर तीनच महिन्यांत मी जमिनीवरचा हक्क सोडून दिला होता. अमोल मळ्यात राबतो, मला पगार आहे, भाऊ गुणी आहे, अशी सगळी कारणं होती आणि ती खरीही होती. तालुक्याला जाऊन सही केली, भावजयीनं साडी नेसवली, मी पुरणपोळी खाऊन घरी आले. आई त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नव्हती. मला वाटलं होतं, अण्णांच्या आठवणीनं तिचं मन ठिकाणावर नाही.

"जमीन सोडायला पाच मिनिटं," ती म्हणाली. "आन आईच्या नावावर एक वस्तू चढायची तर लगेच तुझं शिक्षण आडवं आलं."

लागलं मला ते. लागायलाच हवं होतं. पण मी हट्टी आहे आणि तो हट्ट तिच्याकडूनच आलाय. "आई, ती बंदूक आहे. तांब्या-पितळेची भांडी नाहीत."

"मला नको सांगू. चाळीस वर्षं तिच्याखाली झोपले मी." ती फुटपाथच्या कठड्यावर टेकली. "तुझे अण्णा ती कधी पुसायचे, आठवतं?"

आठवत होतं. तेलाचा वास मला अजून आवडतो. अण्णा ओट्यावर बसायचे, मी त्यांना फडकं द्यायची, ते नळी पुसून उजेडात धरायचे. माझ्या लहानपणातली ती एक सुखाची गोष्ट होती.

"ते रोज पुसायचे नाय," आई म्हणाली. "माझं-त्यांचं वाजलं की पुसायचे. मी कायतरी मागायची, माहेरी जाते म्हणायची, तुला नाशिकला शिकायला ठिवू म्हणायची. ते एक शब्द बोलायचे नाय. उठायचे, खुंटीवरची बंदूक काढायचे आन पुसत बसायचे."

"त्यांनी कधी तुला..."

"बोट नाय लावलं. देवमाणूस व्हता. त्यांना बी कळत नसंल बहुतेक." तिनं पदर सारखा केला. "पर मी गप बसायची."

आमच्या केंद्रातल्या फॉर्मवर एक प्रश्न असतो: घरात हत्यार आहे का? शेकडो बायकांना मी तो विचारलाय. आईला विचारावा असं मला कधी सुचलं नाही. फडकं तर मीच देत होते. अण्णांवर माझा फार जीव होता, आजही आहे. मी कठड्यावर आईशेजारी बसले. तिचा हात धरला. मग उठले, नोटरीबुवांसमोर गेले आणि सही केली. तत्त्व म्हणून ती सही चूकच होती. पण आईला आयुष्यभर जी धाक दाखवत आली ती वस्तू तिला आता स्वतःच्या हातात हवी असेल, तर नाही म्हणणारी मी कोण?

चौकशा, दाखले, हेलपाटे यात सहा महिने गेले. परवाना आला. आईनं तो देवापुढे ठेवला, मला फोन करून बोलावून घेतलं आणि नवं लुगडं नेसून पिकअपमध्ये बसली. अमोलनं बंदूक गुंडाळून आणायला घरची चादर घेतली होती. तो सगळा रस्ता शीळ घालत होता.

ठाण्यात हवालदारांनी वही काढली, परवाना तपासला, कपाटातून बंदूक आणून टेबलावर ठेवली. "कुसाबाई पुंजा कोण? इथं सही करा मावशी, घेऊन जा."

आईनं बंदुकीकडे बघितलं. हात लावला नाही. "ही आता माझी ना?"

"तुमचीच. तुमच्याच नावावर आहे."

"मग कायमची जमा करून घ्या."

अमोल चादर धरून उभाच राहिला. "आई, काय बोलती? मग एवढी यातायात कशाला केली?"

"तुझ्या नावावर झाली असती तर घरी आली असती," आई शांतपणे म्हणाली. "त्यांनी आणली तवा बी मी नको म्हनले व्हते. तवा माझी नव्हती, कोण ऐकतंय?"

मी भिंतीला टेकले. डोळे भरून आले होते आणि हसूही येत होतं. महिनाभर मी या बाईला बंदुकीचे तोटे समजावून सांगत होते.

हवालदारांनी दुसरा कागद ओढला. "कारण लिहावं लागेल मावशी. वय झालं, असं लिहू? की राखणीची गरज उरली नाही?"

"नको हाय, असं लिहा."

"ते कारण नाही होत."

"मला नको हाय," आई म्हणाली. "तेवढंच लिहा."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, अमोलकडे पाहिलं. मग त्यांनी लिहिलं. आईनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, आणि त्याखाली, सावकाश, पूर्ण नावानं सही केली.