माल निघाला

"बाबा, तुम्ही नक्की विकता तरी काय?"

हे विचारायची तिची छातीच होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. एकीचे बाबा चपला विकत, दुसरीचे औषधं. ही मात्र नुसतं "सॉफ्टवेअर" म्हणून विषय बदलायची. पण वक्तृत्वात पहिली आल्यापासून तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

बाबा चहा ढवळायचे थांबले. "हे बघ, सिरपवाल्याला बाटल्यांची झाकणं लागतात. ती झाकणवाला बनवतो. झाकणं कुठवर आली, हे दोघांनाही एकाच पडद्यावर दिसलं, की फोनाफोनी वाचते. ते दिसणं मी विकतो."

"म्हणजे हवा," आई म्हणाली.

"हवाच गं! पण कंपनीला एकदा सवय लागली की सुटत नाही. अशा दहा जोडल्या की बसून खायचं."

दहा कुठल्या! वर्षानुवर्षं उंबरे झिजवून तीन जोडल्या, त्यातल्या दोन गळाल्या. उरला तो हा सिरपवाला.

तेवढ्यात त्याच्याच मॅनेजरचा फोन आला. तो इतका तापला होता, की आवाज पार स्वयंपाकघरात पोचला. "तुमचा पडदा सकाळपासून सांगतोय, माल निघाला. कुठे निघाला? ट्रकचा पत्ता नाही. भरलेल्या बाटल्या उघड्या पडल्यात, माणसं हात बांधून उभी आहेत!"

बाबांनी गाडीची किल्ली उचलली. "चल, बघच मी काय विकतो ते."

झाकणांच्या कारखान्यात कानठळ्या बसवणारा खडखडाट होता. फोरमन हसत सामोरा आला. "निघाला की, साहेब! हा काय." त्याने ढिगाकडे हात केला. वरची झाकणं अजून कोमट होती. "साच्यातून निघाला रे निघाला, की लगेच तुमचं बटण दाबतो. एकदाही चुकवलं नाही."

बटणावर 'माल निघाला' हे शब्द बाबांनीच लिहिले होते. फाटकातून निघाला, अशा अर्थाने. इथे माल साच्यातून निघायचा. फाटकातून तो जायचा.

तिला खुदकन हसू आलं. मग बाबांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तिने ते गिळलं.

"एक शब्द बदलायचाय फक्त," बाबा मॅनेजरला फोनवर सांगत होते. "आत्ता करून देतो."

"शब्द तुमच्याकडेच ठेवा, साहेब. आम्ही आपलं फोन करून विचारू. उद्यापासून तुमचं बंद."

पलीकडून फोन कट झाला, तरी बाबा तो कानाला लावून उभे होते.

घरी आल्यावर आईने आधी पाणी दिलं, मग विचारलं, "गेलं?"

"गेलं. ऑफिसची जागा सोडतो. टेबल भंगारात देऊ."

"आणि तुम्ही?"

"मला कोण घेतंय या वयात?" बाबा हसायला गेले, पण जमलं नाही.

"मी ठरवलंय," ती मध्येच म्हणाली. "टेबल माझ्या खोलीत येणार. मी बाहेर झोपेन."

"अगं, पण काम कुठे उरलंय?" आई म्हणाली.

"नसू दे. सकाळी अंघोळ करून कुठेतरी जाऊन बसायला हवं ना बाबांना."