चाळणीच्या कड्यावरच्या खुणा

मुलांनो, आधी एक खोली मनात उभी करा. तुमच्या शाळेचे चार वर्ग एकापुढे एक जोडले तर होईल एवढी लांब. तिला आठ खिडक्या आहेत, पण एकीतूनही उजेड येत नाही, कारण आतून तरट ठोकून वर फळ्या मारल्या आहेत. वारा आला तर माल उडतो ना! आत शंभर बायका ओळीने बसल्या आहेत आणि प्रत्येकीच्या हातात परातीएवढी चाळण आहे. त्या तंबाखू चाळताहेत. पिवळी बुकणी हवेत इतकी दाटली आहे की पलीकडच्या भिंतीशी बसलेली बाई नुसती सावलीसारखी दिसते. आता एक मोठा श्वास घ्या. नुसत्या कल्पनेनेच घसा खवखवला ना? त्या बायका तो श्वास सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घेत होत्या.

ही नागोजीशेटची वखार. गावाचे नाव शेंदूरपेठ, निपाणीपासून दोन कोसांवर. साल एकोणीसशे अडतीस. शेंदूरपेठ तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती, आणि गावाबाहेरचा ओढा ओलांडला की कोल्हापूर संस्थान लागायचे. ओढ्याकाठी हद्दीचा एक दगड होता. गुरे दोन्ही काठांवर चरायची, त्यांना कोणी अडवत नसे. कागदांना मात्र तो दगड ओलांडता येत नव्हता. हा दगड ध्यानात असू द्या.

गोष्ट आहे पद्मजाची. वय बारा, मराठी सहावीत. तिचे वडील दत्तोपंत, तिचे अण्णा, गावच्या कचेरीत जन्ममृत्यूची नोंद ठेवत. कोणी वारले की घरचे माणूस येऊन सांगे आणि दत्तोपंत लिहीत : नाव, वय, मरणाचे कारण, तारीख. शेवटचा रकाना असे, खबर देणाऱ्याचे नाव. तो रिकामा राहिलेला त्यांना खपत नसे. ते म्हणत, "पद्मा, माणूस गेला हे कोणीतरी आपल्या तोंडाने सांगायला हवे. सांगणाऱ्याच्या नावाशिवाय नोंद म्हणजे नुसती आवई."

त्या आठवड्यात गावाचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाने त्यांना एक तक्ता मागितला होता. वखारीतल्या बायकांनी अर्ज केला होता, आमच्या छात्या भरतात, खिडक्या उघडा म्हणून. गुरुवारी चार वाजता अर्जाचा निकाल व्हायचा होता. गावात छातीच्या रोगाने किती माणसे मरतात आणि सगळ्या इलाख्यात किती, हे शेजारी शेजारी मांडून दाखवा, असा हुकूम होता.

गणित पद्मजाने केले. गावची वस्ती सहा हजार. वर्षात खोकला, दमा, क्षय, असे श्वासाच्या रोगाने गेलेले अठरा. हजारी किती? तुम्हीही करून बघा. तीन. इलाख्याच्या छापील अहवालात आकडा होता हजारी पाच.

"म्हणजे आपल्या गावाची हवा चांगली?" तिने विचारले.

"आकडा तसे म्हणतो," दत्तोपंत म्हणाले आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. पद्मजाने तो तीन लाल शाईने लिहिला. दोन दिवस ती त्याच आनंदात होती.

गुरुवारी दुपारी बेबी धावत आली. बेबी तिची मैत्रीण. तिची आई जयाबाई त्याच वखारीत काम करायची.

"पद्मे, आईला न्यायला रवळूमामा आलाय. गाडी जुंपलीया."

"कुठे नेणार?"

"मामाच्या गावाला. वड्याच्या पल्याड."

"अगं, पण दवाखाना इकडे आहे ना?"

"दवाखाना झाला की. मिरजेला छातीचा फोटू काढला. डॉक्टर म्हणला, फुफ्फुसात गाठ हाय, आता इलाज न्हाय." बेबी परकराची कड बोटाला गुंडाळत राहिली. "आई म्हणती, आपल्या शिवंत जाऊन पडू दे मला. वखारीतल्या समद्या तसंच जात्यात. गेल्या साली बाळाबाई गेली, तिच्या आदी अंबुबाई."

"मग त्या बऱ्या होऊन आल्या का परत?"

बेबीने तिच्याकडे असे पाहिले की पद्मजाला आपण काय विचारले ते कळले.

"परत कशाला येत्यात?" बेबी म्हणाली.

पद्मजाला लाल शाईचा तो तीन आठवला. त्या अठरा जणांची यादी तिने स्वतः उतरवली होती. तिच्यात बाळाबाई नव्हती. अंबुबाई नव्हती. त्या ओढ्यापलीकडे मेल्या होत्या, आणि अण्णांची वही ओढ्याशी संपत होती. उद्या जयाबाई गेली तर तीही कुठल्याच बेरजेत येणार नव्हती. गणित बरोबर होते, पण त्या बरोबर गणितानेच चार वाजता त्या आठ खिडक्या कायमच्या बंद होणार होत्या.

"बेबी, वखारीत किती जणी अशा गेल्या, कुणाला ठाऊक असेल?"

"चाळणींस्नी," बेबी म्हणाली.

वखारीत दुपारची भाकरी खायची सुट्टी होती. मुकादम यल्लाप्पा जेवायला घरी गेला होता. पद्मजा दारात थांबली. आत पाऊल टाकताच तिला शिंक आली, मग दुसरी, मग डोळ्यांत पाणी. बायका हसल्या.

"ही कुणाची गं?" वयाने सगळ्यांत मोठी असलेल्या मनुबाईने विचारले. "दत्तोपंतांची? लिहिणाऱ्याची पोरगी! ये बाय, नाकाला पदर लाव. न्हाय तुला पदर, तर माझा घे."

बेबीने जयाबाईची चाळण खुंटीवरून काढली. लाकडी कड्यावर आतल्या बाजूने सुईने कोरलेल्या खुणा होत्या. त्या बायकांना लिहिता येत नव्हते, म्हणून जिची चाळण तिने आपली खूण कोरायची, अशी तिथली रीत. एक गेली की चाळण दुसरीला मिळे, आणि ती आपली खूण शेजारी कोरी. जुनी खूण खरवडायची नाही.

"ही फणी जयाबाईची," मनुबाई बोट फिरवत म्हणाली. "ही तुळस अंबुबाईची. आन् ह्यो इंचू बाळाबाईचा. तोंड तसलंच हुतं तिचं!"

पुन्हा सगळ्या हसल्या. हसता हसता खोकल्या, आणि तो खोकला ओळीच्या टोकापर्यंत गेला.

"एका चाळणीवर तीन? किती वर्षांत?"

"समद्या चाळणींची कडी शेटनं पाच सालामागं दिवाळीला नवी आणली."

मग एकेक बाई आपली चाळण घेऊन येऊ लागली. पद्मजाने पाटी काढली. सगळ्या खुणा मेलेल्यांच्या नव्हत्या, हे तिला लगेच कळले. म्हणून प्रत्येक खुणेला तिने विचारले, ही कुठे गेली? एक लग्न होऊन गेली होती, एक निपाणीच्या वखारीत. एकीला साप चावला होता. त्यांना पाटीवर जागा नव्हती. खोकून खोकून गेलेल्या तेवढ्याच तिने धरल्या. सहा, सात, आठ. मनुबाईचा आवाज खाली खाली जात होता. शेवटी पाटीवर अकरा रेघा झाल्या. त्यांतल्या दोघी गावात वारल्या होत्या. नऊजणी ओढ्यापलीकडे.

"काय बाजार मांडलाय हितं?"

दारात यल्लाप्पा होता. बायका भराभर जागेवर गेल्या. पद्मजाच्या हातात जयाबाईची चाळण तशीच राहिली.

"ती चाळण कुठं चालली?"

"जाळी फाटलीया," मनुबाई म्हणाली. "मारून आणाय धाडतोय."

यल्लाप्पा जवळ आला. जाळी चांगली होती, पद्मजाला माहीत होते. मनुबाईने ती तिच्या हातातून घेतली आणि त्याच्यापुढे केली. त्याने चाळण उजेडाकडे धरली, आणि मधोमध एक भोक दिसले, अंगठ्याएवढे. मनुबाई आपला अंगठा पदराला पुशीत होती. अंगठ्याला रक्त होते.

"सांजच्याला परत पायजे," तो म्हणाला.

कचेरीपर्यंत ती पळत गेली. शिपाई तिला ओळखत होता. त्याने अडवायच्या आत ती आत शिरली होती. लांब टेबलाभोवती बोर्डाची माणसे, पलीकडे खुर्चीवर नागोजीशेट. दत्तोपंत उभे होते आणि तक्ता वाचत होते.

"शेंदूरपेठ, हजारी तीन. मुंबई इलाखा, हजारी पाच."

नागोजीशेट हसला. "म्हणजे मुंबईकरांना आता हवापालटाला माझ्या वखारीत पाठवा!"

टेबलाभोवती हशा झाला. अध्यक्षांनी टाक उचलला. "तर मग अर्ज दप्तरी दाखल—"

"अण्णा!"

सगळ्यांच्या माना वळल्या. दत्तोपंतांचा चेहरा लाल झाला. "पद्मा, घरी जा."

तिने चाळण आणि पाटी त्यांच्यापुढे ठेवली. बोलायला दम नव्हता, म्हणून पाटीवर लिहिलेलेच बोटाने दाखवले. शंभर बायका, पाच वर्षे. शंभर पाचा पाचशे. पाचशेत अकरा, तर हजारात बावीस. खाली : अण्णांच्या वहीत दोन, ओढ्यापलीकडे नऊ.

दत्तोपंतांनी ते एकदा वाचले. मग पुन्हा वाचले. त्यांनी कड्यावरच्या खुणांवरून बोट फिरवले. पद्मजा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. वीस वर्षांत त्यांचा एकही तक्ता बोर्डाने परत केला नव्हता, आणि हे घरातल्या सगळ्यांना माहीत होते.

"काय झालं, दत्तोपंत?" अध्यक्षांनी विचारले.

"साहेब, हा तक्ता मी मागे घेतो."

"बेरीज चुकली?"

"बेरीज माझ्या मुलीने केली आहे, ती चुकलेली नाही. माणसं सुटली. वखारीतली बाई मरायला टेकली की माहेरी नेतात. श्वास इथे भरतो आणि संपतो पलीकडच्या राज्यात. मी दगडाच्या अलीकडची मढी मोजली आणि गावाची हवा चांगली म्हणालो."

"पलीकडे मेल्या त्या महाराजांच्या हिशेबात," नागोजीशेट आता हसत नव्हता. "आमचा काय संबंध? आणि चाळणीवर पोरींनी काढलेल्या रेघोट्या म्हणजे काय सरकारी कागद झाला?"

अध्यक्षांनी चाळण हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"शेट म्हणतात ते खरे. हे फाइलीला लावता येत नाही," ते म्हणाले. "पण हे पाहून अर्ज फेकताही येत नाही. पंधरा दिवस देतो. नाव, गाव, कारण, महिना, आणि खबर देणाऱ्याचे नाव. सगळे रकाने भरून आणा. नाही आणलेत तर अर्ज दप्तरी."

संध्याकाळी दत्तोपंत ओसरीवर बसून राहिले. संस्थानातल्या गावांना पत्र लिहून उत्तर यायला सहा महिने लागले असते. आणि तिथल्या वहीत तरी काय असणार? बाईचे नाव असेल. ती वखारीत बसायची हे कोण लिहितो?

"मनुबाईला खुणा माहीत आहेत, पण गावं नाहीत," पद्मजा म्हणाली. "बेबी म्हणते, प्रत्येकीला गाडीपर्यंत पोचवायला तिची आईच जायची. पुढे खबरही तिलाच यायची."

दत्तोपंतांनी मान वर केली. जयाबाई हयात होती. पण ती पंधरा दिवस काढील की नाही, हे दोघांपैकी कोणीच मोठ्याने म्हणाले नाही.

रविवारी दोघे बेबीला घेऊन निघाले. ओढ्यापाशी दत्तोपंत दगडाजवळ थांबले आणि त्यांनी नवी कोरी वही पद्मजाच्या हातात दिली. रकाने त्यांनी रात्रीच आखले होते.

"मी इंग्रज सरकारचा कारकून. पलीकडे जाऊन मी नोंदी केल्या तर शेट तेच धरून बसेल. तू जा. शाळकरी पोरीला लिहू नको असे म्हणणारा कायदा अजून कुठल्या राज्यात झालेला नाही."

जयाबाई भावाच्या घरी, उघड्या दाराशी वाकळेवर पडली होती. तीनच दिवसांत तिचे खांदे आणखी वर आले होते. दोन शब्द बोलली की ती थांबे, आणि तिचा श्वास वाळक्या पाल्यातून चालल्यासारखा वाजे. बेबी तिच्या उशाशी बसली.

"आलीस व्हय पद्मा?" जयाबाई म्हणाली. "मनुबाईचा निरोप आला. अंगठा फाडून घेतला म्हनं म्हातारीनं."

"मावशी, बोलायला त्रास होत असेल तर—"

"न्हाय बोललो तरी हुतोयच की." ती हसली. "काढ तुझी वही. अकरा मोजल्यास न्हवं? चुकलं तुझं. बारा हैत. पयलं माझंच लिव्ह. आज न्हाय तर चार दिसांनी तुला पुन्यांदा यायला लागंल, लांबचा पल्ला पडतोय."

बेबी भिंतीकडे वळली. रवळू दारातून उठून अंगणात गेला.

पद्मजाने टाक दौतीत बुडवला. नावाचा रकाना पहिलाच होता, कोरा. तिचा हात त्यावर आला आणि तिथेच राहिला. शाईचा थेंब टाकाच्या टोकाशी जमत होता.

मग तिने हात उचलला आणि पानाच्या पार उजव्या कडेला नेला, शेवटच्या रकान्यात, खबर देणाऱ्याचे नाव. तिथे तिने वळणदार अक्षरात लिहिले, 'जयाबाई'. त्याच्या खाली पुन्हा 'जयाबाई'. अकरा ओळी संपेपर्यंत ती तेच नाव लिहीत गेली. बाराव्या ओळीवर तिने आडवी रेघ मारली.

मग ती पानाच्या डाव्या बाजूला परत आली, टाक पुन्हा बुडवला आणि म्हणाली, "सांगा मावशी. तुळस कुठल्या गावची?"