मागची शिवण

"काकू, हे सगळे तुम्ही शिवून टाकलेत?" सिस्टरने पेशंटचा नवा झगा उलटा करून समोर धरला.

"मागून उसवलेलेच होते की," काकू म्हणाल्या. "कारखान्यातूनच तसे आले. एकूण एक! म्हटलं, कसली माणसं कामाला ठेवतात."

"अहो, ते मागून उघडेच असतात! पेशंट झोपलेला असताना काढता यायला हवेत. आणि नाड्या कुठे गेल्या?"

काकूंनी तळघराच्या उंचावरल्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्या नाड्यांनी पडदे बांधले होते, फुलासारख्या गाठी मारून. सिस्टरने कपाळाला हात लावला आणि तिला हसूच फुटलं. काकूही हसल्या, पण तोंडदेखलं.

जन्मभर शाळेचे गणवेश शिवलेल्या बाईला उघडी शिवण दिसली की हात आपोआप मशीनकडे जातो. उन्हाळा लागताना त्या माहेरी, धाकट्या भावाकडे आल्या होत्या, चार दिवसांसाठी म्हणून. यजमान गेल्यापासून मुलाचं घर त्यांना खायला उठायचं. गावच्या इस्पितळाला मदतीला माणसं हवीत असं कानावर आलं, म्हणून सहज डोकावल्या आणि अडकल्याच. तळघरातल्या खोलीत फाटक्या चादरींचा डोंगर, उशांचे अभ्रे, पडदे. सकाळी जायच्या त्या दिवेलागणीला परतायच्या. भाऊ चिडवायचा, "ताई, तू माहेरपणाला आलीस की नोकरीला?"

उद्या मुलगा न्यायला येणार होता. "येतेस की तिथेच राहतेस, ते संध्याकाळी फोनवर सांग," म्हणाला होता. सकाळपर्यंत काकूंचं पक्कं होतं. राहायचं. इथे आपल्यावाचून अडतं.

आणि आता हे.

मग त्या चादरींचं काय? त्या तरी कुणाला हव्या होत्या, की म्हातारीचं मन मोडायला नको म्हणून सगळे गप्प बसले? गावाला आपली गरज होती, का आपल्यालाच गावाची? एक टोक धरावं तर दुसरं निसटत होतं.

"उसवून देते," त्या ब्लेड उचलत म्हणाल्या. "वर वाटलेलेही आणू."

तळघरातून वर वॉर्डात त्या उन्हाळाभर कधी फिरकल्या नव्हत्या. सिस्टरच्या मागोमाग त्या खाटांमधून हिंडल्या. शिवलेले झगे ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांनी मुकाट्याने काढून दिले. शेवटच्या खाटेवर बँडमास्तर होते. एके काळी गावच्या बँडच्या पुढे, मान ताठ ठेवून चालायचे ते. लहानपणी काकू त्यांना बघायला रस्त्यावर धावायच्या.

"मास्तर, झगा बदलू या. चुकून शिवला गेलाय," सिस्टर म्हणाली.

"कुणाकडून?"

"माझ्याकडून," काकू पुटपुटल्या.

म्हाताऱ्याने त्यांना नीट न्याहाळलं. ओळखलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. "देणार नाही."

"अहो, मग तपासू कशी मी तुम्हाला?"

"पुढून तपास. काळीज काय पाठीत असतं?"

"हट्ट नको, मास्तर. बाकीच्यांनी बघा कसे दिले."

"त्यांना पडून राहायचंय. मला जरा फिरून यायचंय."

त्यांनी पाय खाली सोडले, खाटेचा कठडा धरला आणि उठले. सिस्टरने काकूंकडे पाहिलं. आता तुम्हीच सांगा, असं त्या पाहण्यात होतं. काकूंना दोघांचंही पटत होतं. संध्याकाळी मुलाला काय सांगायचं, ते अजून ठरत नव्हतं. ब्लेड हातात तसंच राहिलं.

बाहेर लांबलचक व्हरांड्यात, काकूंच्या हाताखालून न गेलेला झगा घातलेला एक पेशंट भिंतीच्या कडेकडेने चालला होता. एक हात पाठीमागे नेऊन त्याने झग्याच्या दोन्ही कडा मुठीत गच्च आवळून धरल्या होत्या. त्याला मागे टाकून बँडमास्तर पुढे गेले, सावकाश, व्हरांड्याच्या अगदी मधून. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.