ग्लुकोजच्या डब्यातली पावडर

भांडी धुवायचं मशीन बसवायला कंपनीचा माणूस आला, त्या दिवशी मानकोलीच्या त्या बंगल्यात सगळे हजर होते, पण त्याचं ऐकायला कोणी रिकामं नव्हतं. प्रितेश फोनवर मित्रांना सांगत होता, की असलं मशीन अख्ख्या भिवंडीत दुसऱ्या कोणाकडे नसेल. गोदामांना जमीन दिल्यापासून त्याच्या घरात नवीन वस्तू आली की आधी फोन व्हायचे, मग वस्तू उघडायची. त्याची आई जानकीबाई मशीनला हळदकुंकू लावत होती. बायको मृणाली ठाण्याला बँकेत जायची, तिची निघायची वेळ झालेली. मग त्या माणसाने मंदाकडे बघून बोलायला सुरुवात केली. हीच चालवणार, असं त्याला वाटलं असावं.

मंदा नऊ वर्षं त्या घरची भांडी घासत होती. नारपोलीहून शेअर रिक्षाने सकाळी यायची, दुपारची जेवणं आवरून जायची. ती हात पुसून उभी राहिली आणि तो सांगेल ते ऐकत गेली. खरकटं आधी झाडून टाका. ताटं एकावर एक चिकटवू नका, पाण्याचा फवारा मध्ये शिरला पाहिजे. खालचा पंखा हाताने फिरवून बघा, कशाला अडत नाही ना. ॲल्युमिनियमचं भांडं घालू नका, काळं पडेल. बोअरचं पाणी जड आहे, तर तळाच्या टाकीत हे जाडं मीठ भरा, खायचं मीठ नाही. दारातल्या कप्प्यात ही पावडर, कप्पा कोरडा असताना. आणि शेवटी त्याने पावडरचा खोका हातात धरून बोट रोखलं.

"ये साबुन नहीं है, बाई. मुँह में गया तो जला देगा. इसी डिब्बे में रखना, बच्चे का हाथ न पहुँचे."

मंदाला हे दोनदा सांगावं लागलं नाही. तिचा नवरा राघो डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, कामाला होता. तिथे कॉस्टिक सोड्याचं पाणी उडून त्याचा उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला होता. पांढरी पावडर काय करू शकते ते तिने घरात रोज बघितलं होतं.

पण मशीनला हात लावायची परवानगी तिला नव्हतीच. "महागाची वस्तू आहे, मीच चालवणार," असं प्रितेशने जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी पावडर सापडेना म्हणून त्याने ओट्यावरच्या बाटलीतला भांड्यांचा हिरवा साबण कप्प्यात ओतला. मंदा म्हणाली, "दादा, हा नाही चालत. फेस होईल."

"तू इंजिनिअर आहेस काय गं?"

वीस मिनिटांनी दाराच्या फटीतून फेस बाहेर यायला लागला. ओट्याखालून निघून तो जेवणाच्या टेबलापर्यंत गेला. प्रितेशने मशीनला लाथ घातली, कंपनीच्या माणसाला फोनवर शिव्या घातल्या आणि गाडी काढून निघून गेला. फेस पुसायला दीड तास लागला. तो मंदाने पुसला. गुडघे टेकून, पिळून पिळून. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिच्या तोंडात आलं आणि तिने ते गिळलं. त्या घरात तिने असली पुष्कळ वाक्यं गिळली होती.

त्यानंतर मशीन हळूहळू तिच्याकडेच आलं. ती मीठ भरायची, जाळी काढून धुवायची, ताटं एकाच दिशेला तोंड करून लावायची. काचेचे ग्लास चकचकीत निघायला लागले. पाहुण्यांना ते दाखवताना प्रितेश म्हणायचा, "बघा, आपण सेटिंग कसं केलंय."

एप्रिलच्या सुरुवातीला पावडरचा पुठ्ठ्याचा खोका सिंकखाली भिजला. तळ फाटला, पावडरचे गोळे व्हायला लागले. मंदा म्हणाली, नवीन खोका आणा, तोवर हा वरच्या कपाटात कोरड्या पिशवीत ठेवू. प्रितेशला तेवढा धीर नव्हता. त्याने कपाटातून ग्लुकोजचा रिकामा प्लास्टिकचा डबा काढला, सगळी पावडर त्यात ओतली, झाकण लावलं आणि डबा मशीनच्या शेजारी खालीच ठेवला. वर ग्लुकोजचं चित्र तसंच.

मंदा म्हणाली, "दादा, ह्या डब्यात नको. तुमची करिष्मा रोज ह्यातलंच पिते. त्या माणसाने सांगितलेलं..."

"सकाळ सकाळ डोकं खाऊ नको, मंदा. भांडी घासायची ती घास. मला शिकवायला मी तुला ठेवलेली नाही."

बोलताना त्याने तिच्याकडे बघितलंही नाही. मंदाने तो डबा उचलला आणि वरच्या कपाटात ठेवला. करिष्माच्या दप्तरातला लाल स्केचपेन आणला, वहीचा कागद फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात 'विष – हात लावू नये' लिहिलं आणि तो चिकटपट्टीने डब्याला सगळीकडून गुंडाळला. संध्याकाळी मृणाली घरी आली तर तिलाही दिसावं, म्हणून कागद समोर केला.

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा खाली होता. कागद नव्हता.

"कागद कोणी काढला, काकी?"

"मी फारला," जानकीबाई म्हणाली. "सयपाकघरात असला शब्द लिवतात काय? लक्षुमीची जागा हाय ती. पावणी येतात, काय बोलतील? आनि वरती माझा हात पोचत न्हाय, म्हनून खाली ठेवला."

मंदा म्हणाली, "काकी, घरात लहान पोर आहे."

"आमची पोर आमी बघू."

त्या दिवशी मंदा घरी गेली तेव्हा राघोने विचारलं, काय झालं. तिने पोळपाटावर भाकरी अशी थापली की कडा फाटल्या.

आठवडा गेला, डबा खालीच राहिला. शाळेला अजून सुट्टी लागली नव्हती. करिष्मा पहिलीत होती, बारा वाजता घरी यायची. त्या दुपारी उन्हाने तापून आली, दप्तर टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. मंदा मागच्या दारी बादली उपडी करत होती. जानकीबाई टीव्हीसमोर. मंदाला आधी चमचा पडल्याचा आवाज आला, मग पोरीची किंकाळी.

ती धावत आत आली. करिष्मा दोन्ही हातांनी तोंड धरून नाचत होती. ओठांवर पांढरं, हनुवटीवरून लाळ. फरशीवर ग्लुकोजचा डबा आडवा.

मंदाने तिला उचललं, सिंकवर वाकवलं आणि नळ सोडला. "थुंक, बाळा. गिळायचं नाही. थुंक. परत." ओंजळीने ती पाणी घालत राहिली, जीभ, गाल, हिरड्या, ओठ. पोर हातातून सुटायला बघत होती. मंदाने तिला काखेत आवळून धरलं होतं.

जानकीबाई टीव्हीसमोरून उठून आली. मग तिला काय सुचलं कोण जाणे, तिने तांब्यात पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं. "पाज तिला! उलटी होऊ दे, सगला निंगून जाऊ दे!"

"नाही!"

"सर बाजूला!"

"काकी, नाही म्हणते ना! जाताना जाळलंय, येताना परत जाळेल!" राघोच्या डाइंगमध्ये हे सगळ्यांना पाठ होतं. जानकीबाईने पोरीचा जबडा धरला, तेव्हा मंदाने आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईच्या हातावर फटका मारला. तांब्या भिंतीवर जाऊन आदळला. मग मंदाने पोरीला खांद्यावर घेतलं, डबा पदरात गुंडाळला आणि रस्त्यावर पळाली. जानकीबाई अनवाणी मागे.

मिळेल त्या रिक्षात बसून त्या भिवंडीच्या एका खासगी दवाखान्यात पोचल्या. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लंय?" मंदाने डबा पुढे केला. "ग्लुकोज नाही, मॅडम. मशीनची पावडर आहे. कॉस्टिकसारखी. चमचाभर तोंडात गेली, गिळली किती ते माहीत नाही. तोंड धुतलंय, उलटी नाही काढली."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "बरं केलंत," एवढंच म्हणाल्या आणि पोरीला आत घेऊन गेल्या.

अर्ध्या तासाने प्रितेश आला. कॉरिडॉरमध्ये नर्स होती, केसपेपर काढणारा माणूस होता, बाकावर पाच-सहा पेशंट होते. केस पोलिसांना कळवावी लागते म्हणून चौकीतून एक हवालदारही येऊन बसला होता. प्रितेशला घाम फुटला होता. त्याने चौफेर बघितलं आणि त्याची नजर मंदावर येऊन थांबली.

"हिनेच," तो ओरडला. "ह्या बाईने पावडर ग्लुकोजच्या डब्यात भरून ठेवली! अक्कल नाय, काय नाय. माझ्या पोरीला मारायला निघाली होती ही!"

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. नर्सने तोंडावर हात ठेवला. मंदाने जानकीबाईकडे बघितलं. जानकीबाई फरशीकडे बघत होती.

"काकी, बोला."

जानकीबाईने पदर तोंडाला लावला.

आणि मग नऊ वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. "खोटं बोलतोस तू!" मंदा म्हणाली. अहोजाहो गळून पडलं, दादा गळून पडलं. "माझ्यासमोर तू भरलीस. मी नको म्हणाले. शिकवू नको म्हणालास. पोरगी आत तळमळतेय आणि तुला तुझी इज्जत पडलीये? लाज वाटत नाही?"

"ए, तोंड सांभाळ!" तो अंगावर आला. हवालदार मध्ये उभा राहिला.

"बाई, जबाब लिहून घेतो. शांत व्हा. नाव?"

"मंदा राघो भालेराव."

हवालदाराने प्रितेशला विचारत विचारत चार ओळी खरडल्या आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. "इथे अंगठा द्या."

मंदाने पॅड बाजूला ढकलला. "मला वाचता येतं." तिने कागद उचलून वाचला. 'माझ्या नजरचुकीने' असं त्यात होतं. तिने तो कागद हवालदाराच्या हातात परत दिला. फाडला नाही. "ही माझी नजरचूक नाही. कोरा कागद द्या. मी लिहिते."

"अहो बाई, एवढं कशाला वाढवता..."

"कोरा कागद द्या!"

इतक्या जोरात की आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नर्सनेच तिच्या पॅडमधली दोन पानं काढून दिली. मंदा बाकावर बसली आणि लिहायला लागली. कंपनीच्या माणसाने काय सांगितलं होतं. खोका कधी भिजला. डबा कोणी काढला, पावडर कोणी ओतली, काय शब्द बोलला. कागदावर काय लिहिलं होतं, तो कोणी फाडला. पेन तिने दाबून धरलं होतं. दोन ठिकाणी कागद फाटला. नववीपर्यंत शिकलेली बाई होती ती, सवय सुटली होती, पण एकही गोष्ट सुटली नाही.

मृणाली ठाण्याहून आली तेव्हा ते लिहून होत होतं. तिने आधी आत जाऊन मुलीला बघितलं. बाहेर आली, नवऱ्याने काही सांगायला तोंड उघडलं, तिने हात वर करून त्याला थांबवलं आणि मंदाच्या हातातली पानं घेतली. उभ्या उभ्या दोन्ही वाचली. मग सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, कागद तुम्ही फाडला?"

जानकीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हा. मीच फारला."

"आणि पावडर?"

"प्रितेशनं," जानकीबाई म्हणाली. "मंदानं त्याला दोनदा सांगितला. मी आयकला."

प्रितेश जिना उतरून निघून गेला. हवालदाराने मंदाची पानं घडी करून आपल्या कागदांत ठेवली आणि पहिला कागद चुरगाळून खिशात घातला.

नळी घालून तपासलं तेव्हा कळलं, की गिळलं थोडंच होतं. तोंड आणि घशाचा वरचा भाग भाजला होता, खालची अन्ननळी वाचली होती. करिष्मा चार दिवस दवाखान्यात होती. मंदा रोज संध्याकाळी जायची, गार दूध चमच्याने पाजायची. प्रितेश आत आला की ती उठून बाहेर जायची.

पाचव्या दिवशी मृणाली नारपोलीला तिच्या खोलीवर आली. "मंदाताई, परत या. मशीनचं सगळं सामान कुलपात ठेवलं आहे, किल्ली तुमच्याकडेच देईन. त्यांनाही वाईट वाटतंय."

"वाईट वाटतंय ते घरात वाटतंय, वहिनी. मला खुनी म्हणाला तो चारचौघांत."

"मग काय करू सांगा."

"जिथे म्हणाला, तिथे येऊन सांगायचं. घरात नाही. फोनवर नाही."

पंधराव्या दिवशी करिष्माला पुन्हा डॉक्टरांना दाखवायला आणायचं होतं. मृणालीने निरोप पाठवला, की आज तेही येणार आहेत. मंदा इस्त्रीची साडी नेसून गेली. तोच कॉरिडॉर, तीच नर्स, बाकावर दुसरी माणसं. प्रितेश भिंतीला टेकून मोबाईलची बटणं दाबत होता. मृणालीने त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला.

तो नर्सच्या टेबलाजवळ गेला आणि काहीतरी पुटपुटला. नर्सला ऐकू आलं नाही.

"मोठ्याने," मंदा म्हणाली.

त्याने तिच्याकडे रागाने बघितलं. मंदाने नजर हलवली नाही.

"पावडर मी भरली होती," तो म्हणाला. आवाज चिरका झाला. "ह्यांची काही चूक नव्हती. ह्यांनी मला सांगितलेलं."

बाकावरच्या एका म्हाताऱ्याने, काही कळलेलं नसताना, मान डोलावली. नर्स म्हणाली, "आम्हाला त्या दिवशीच माहीत होतं."

त्याने ते म्हटलं म्हणून मंदाचा राग गेला असं झालं नाही. उलट ते ऐकताना तो पुन्हा ताजा झाला. एवढं बोलायला ह्याला पंधरा दिवस लागले, आणि पोरीचं तोंड भाजावं लागलं. तिने करिष्माच्या केसांवरून हात फिरवला, गोळी चघळू नको, पाण्याबरोबर घे, असं तिला बजावलं.

"उद्यापासून येणार ना?" मृणालीने विचारलं.

"नाही, वहिनी," मंदा म्हणाली. "कल्याण नाक्यावर राहीबाईंच्या खाणावळीत काम धरलंय मी. पोरीला भेटायला येईन. भांडी घासायला नाही."

जिना उतरून ती रस्त्यावर आली. नारपोलीकडे जाणाऱ्या रिक्षात एक जागा होती. ती बसली आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चलो."