पिवळा-जांभळा बावटा

रिचेल पहिल्यांदा माझ्या दुकानात आली तेव्हा तिला पाच मिनिटांत वाटेला लावायचं मी ठरवलं होतं. कारण काय, तर ती कॉम्प्युटरवर बोर्ड काढणाऱ्यांतली. मी सुधाकर पेंटर. वसई गावात चाळीस वर्षं ब्रशने अक्षरं काढतोय. फ्लेक्स आला आणि दुकानांची कामं गेली. उरल्या त्या पाचूबंदरच्या होड्या, कारण ओल्या लाकडाला फ्लेक्स धरत नाही. त्यामुळे खांद्याला लॅपटॉपची बॅग लावलेलं कोणी दिसलं, की माझं डोकं आधीच तापतं.

ही पोरगी वसईतल्याच होळी गावची. बापाची भाजीची वाडी, आणि ही सव्वीस वर्षांची बया घरात बसून लोकांचे लोगो आणि वेबसाइट करून देते. ऑफिस नाही, साहेब नाही. मला म्हणाली, "काका, एक टेम्पो रंगवायचाय. स्टिकर नको, हाताने लिहिलेलं हवंय."

"का? मशीन बिघडली का तुझी?"

"मशीनचं अक्षर मेलेलं असतं. मासळीचा टेम्पो आहे, त्यावर जिवंत अक्षर पाहिजे. तीन सकाळी बंदरावर बसून तुमच्या होड्या बघितल्या मी. तुमच्यासारखा 'र' कोणाला जमत नाही."

मी चहा मागवला.

काम संपदाचं होतं. ही संपदा जवळच्या उमेळ्याला फ्लॅटमध्ये राहते. बारा वर्षं ज्या ऑफिसात गेली ते एका महिन्यात बंद पडलं. दुसरी नोकरी शोधून शोधून कंटाळली, आणि शेवटी ठरवलं, की पाचूबंदरची मासळी फ्लॅटवाल्यांच्या दारात पोचवायची. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर बुकिंग, सकाळी मासळी घरात. नाव 'पहाटपाटी'. पण तिच्याकडे होडी नाही की जाळं नाही. सगळा खेळ तीन होड्यांवर, आणि त्यातली मोठी होडी ॲंजेलाबायची. ॲंजेलाबाय मासळी देते म्हणाली म्हणून बाकीच्या दोघी हो म्हणाल्या होत्या. ती फिरली, तर संपदाचा धंदा उभा राहायच्या आधीच आडवा.

रिचेलची कामाची रीत मात्र मानली पाहिजे. उमेळ्यातल्या एका दातांच्या डॉक्टरला हसरा दात काढून हवा होता, जसा सगळीकडे असतो. ही दोन दिवस त्याच्या बाकावर पेशंटांबरोबर बसली आणि रिकाम्या खुर्चीचं चित्र काढून आली. म्हणाली, "लोक दाताला नाही, त्या खुर्चीला घाबरतात. खुर्ची आरामाची दिसली पाहिजे." डॉक्टरने आधी तोंड वाकडं केलं. आता तीच खुर्ची त्याच्या दारावर आहे.

तिने लॅपटॉप उघडून मला संपदाचा लोगो दाखवला. एका रेघेचा मासा, रेघ कुठे तुटत नाही, आणि शेपटी वाऱ्यावर फडकणाऱ्या कापडासारखी. खरं सांगतो, बघत राहिलो. मग रंग बघितले. पिवळा आणि जांभळा.

"समुद्रावर बांबूला फडकताना बघितले," ती म्हणाली. "राखाडी पाण्यात दुरून काय दिसत होते."

आता ही गोष्ट बंदराबाहेरच्या माणसाला माहीत नसते. समुद्रात जाळं टाकलं, की त्याच्या टोकाला बांबू तरंगत ठेवतात आणि त्यावर कापडाचा बावटा. ज्याचा बावटा त्याचं जाळं. आमच्याकडे प्रत्येक घराचे रंग ठरलेले, पणज्यापासून चालत आलेले. कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण दुसऱ्याचा रंग लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जाळ्यात हात घालणं. आणि पिवळा-जांभळा बावटा ॲंजेलाबायच्या घरचा. होळीच्या वाडीतल्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? उमेळ्याच्या फ्लॅटवालीला तर नाहीच नाही. मला ठाऊक होतं. तीस वर्षं ॲंजेलाबायच्या होडीला तो पट्टा मीच मारतोय.

मी सांगणारच होतो. नमुना म्हणून पत्र्यावर दोन रंगांचे हात मारले, आणि तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "काका, पिवळा चुकतोय. हा लिंबू झाला. मला हळद पाहिजे."

चाळीस वर्षांत मला रंग शिकवायला कोणी आलं नव्हतं. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू. म्हटलं, घे बाई, तुला हवा तोच पिवळा घे, आणि पुढचं तुझ्या कॉम्प्युटरला विचार. तोंडाला कुलूप लावलं आणि तीन दिवसांत टेम्पो असा रंगवला की रस्त्यातली माणसं थांबायला लागली.

जानेवारीतली सकाळ. संपदा पहिल्यांदा टेम्पो घेऊन बंदरावर गेली. बेचाळीस घरांचं बुकिंग होतं. मीही गेलो. गंमत बघायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू.

ॲंजेलाबाय टोपल्या मांडून बसली होती. तिने टेम्पो येताना बघितला. ओरडली नाही, शिवी दिली नाही. ओलं फडकं उचललं आणि पापलेटांवर टाकलं. "हिला आज नाय," एवढंच म्हणाली. शेजारच्या दोघींनीही आपापल्या टोपल्या झाकल्या.

संपदा विचारतेय, "काय झालं? माझं काही चुकलं का?" बायका फडक्यांवर पाणी शिंपडत राहिल्या. मग ती टेम्पोच्या पायरीवर बसली. फोन वाजत होता, स्क्रीनवर गिऱ्हाइकांची नावं येत होती आणि ती नुसती बघत होती. त्या बाईचा चेहरा बघितला आणि माझी गंमत तिथेच संपली. तरीही मी काही बोललो नाही, हेही लिहून ठेवा.

तिने रिचेलला बोलावलं. होळीहून स्कूटरवर पोरगी पंधरा मिनिटांत हजर. कोणाला काही विचारलं नाही. टेम्पो बघितला, झाकलेल्या टोपल्या बघितल्या, किनाऱ्याला लागलेल्या ॲंजेलाबायच्या होडीचा पट्टा बघितला. मग माझ्याकडे एकदा बघितलं. तिला सगळं कळलं. माझ्यासकट.

ती ॲंजेलाबायपुढे वाळूत उकिडवी बसली. "बाय, रंग मी निवडले. तुमच्या घरचे आहेत हे आधी विचारायला हवं होतं. संपदाताईंचा यात काही दोष नाही."

"अक्षर तर सुधाकरचं हाय," ॲंजेलाबाय म्हणाली. "त्यानं सांगितलं नाय?"

"काकांनी सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."

सरळ सरळ खोटं, आणि तेही माझ्यासाठी. बंदरावर माझं नाव गेलं तर माझ्या होड्या जातील, हे त्या पोरीने तेवढ्या गडबडीत ओळखलं होतं. मी मात्र शरमेने वाळूकडे बघत उभा होतो.

तिने बर्फाच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण उचललं आणि पेनने त्यावर तो एका रेघेचा मासा काढला. नुसता काळा. "बाय, ताईंना स्वतःचा रंग नकोच. मासळी ज्या होडीची, रंग त्या होडीचा. वेबसाइटवर पापलेट तुमचं असेल तर या माशाची शेपटी पिवळी-जांभळी. कोळंबी या शेजारच्या रोझलीनबायची असेल तर त्यांच्या होडीवरची ती हिरवी-पांढरी. विरारला बसून जेवणाऱ्याला कळू दे, कोणाच्या जाळ्यातलं ताटात आलंय."

बायका उठून झाकणाभोवती जमल्या. रोझलीनबायने झाकण हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मी ते रंग अर्धं आयुष्य होड्यांना मारले, पण त्यांचं असं काही करता येईल हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. या पोरीने स्वतःच्या चुकीतून ते दोन मिनिटांत काढलं. म्हटलं ना, मानली पाहिजे.

ॲंजेलाबाय मात्र झाकणाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. "सुधाकर, तू सांग. तू सांगून पन हिनं ऐकलं नाय म्हनते. अशा पोरीवर भरवसा ठेवावा का?"

सांगितलं होतं असं मी म्हटलं असतं, तर त्या खोट्याने पोरगी माझ्यासाठी बुडाली असती, आणि तिच्याबरोबर संपदा.

"ती खोटं बोलतेय," मी म्हणालो. "मी सांगितलंच नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम गप्प बसलो. तिने माझा पिवळा चुकला म्हटलं, त्याचा राग आला मला. बस, एवढंच. मासळी द्या त्यांना."

ॲंजेलाबायने फडकं काढलं आणि संपदाचे क्रेट भरायला घेतले. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बेचाळीस घरांना मासळी दोन तास उशिरा पोचली, पण पोचली. टेम्पोचा रंग मी त्याच दुपारी खरवडला. वेबसाइट रिचेलने आठ दिवसांत नवी केली. आता माझी बायकोसुद्धा शेपटीचा रंग बघून मासळी मागवते, आणि मला विचारते, आज कोणाची होडी आली ते सांग बघू.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या. दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात ॲंजेलाबायचा निरोप येतो, होडीचं नाव नवं करायचं म्हणून. यंदा आला नाही. तिसऱ्या आठवड्यात रिचेल दुकानात आली, तोंड उतरलेलं.

"काका, होडीचं नाव मी लिहायचं म्हणतात ॲंजेलाबाय. मी नाही म्हणाले, मला ब्रश धरता येत नाही. तर म्हणाल्या, सुधाकरला रंगाचा डबा धरायला घेऊन ये."

लागलं, खूप लागलं. पण ॲंजेलाबाय चुकीचं बोलली होती असं काही मला म्हणता येईना. पायात चपला घातल्या आणि निघालो.

दोन दिवस मी तिच्याकडून जुन्या फळीवर ब्रशचे हात फिरवून घेतले. तिसऱ्या दिवशी होडीपाशी गेलो. ॲंजेलाबाय उलट्या टोपलीवर येऊन बसली. रिचेलने खडू लावलेली दोरी सरळ मारून 'देवमाता' आखलं, ब्रश उचलला. मी डबा धरून उभा. आणि मला दिसलं.

"थांब," मी म्हणालो. "वाळूवर होडीचं पुढचं टोक वर आलंय, पाण्यात ते खाली बसेल. अशी सरळ ओळ घेतलीस तर होडी पाण्यात गेल्यावर नाव खाली घसरलेलं दिसेल. त्या टोकाकडची शेवटची दोन अक्षरं बोटभर वर घे."

तिने लांब जाऊन बघितलं, मान हलवली, खडू पुसला आणि पुन्हा आखलं.

"आता बोललास," मागून ॲंजेलाबाय म्हणाली.

रिचेलने रंग घ्यायला ब्रश पुढे केला. मी डबा तिच्या हाताजवळ नेला.